पुडी एकदम बंद करू नकोस

उल्हासनगर, कॅम्प नं. ३

चि. बाळा,


काल रात्री फोनवर सांगितलं तेच आधी पुन्हा लिहिते, कारण सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे. तुझी आई, आपली ताई, गुडघेदुखीसाठी पुडीवाल्याकडून ज्या पुड्या आणते, त्या रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नकोस आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदम बंदही करू नकोस. उद्या सकाळी उरल्यासुरल्या सगळ्या पुड्या घेऊन तिला डॉक्टरांपुढे ने. तेवढ्यात तिला उलट्या झाल्या, चक्कर आली, अंग गार पडलं किंवा ती पेंगायला लागली, तर उद्याची वाट बघू नकोस. थेट हॉस्पिटल गाठ आणि दारातच सांग, 'पुडीतून स्टेरॉइड जात असावं अशी शंका आहे.' एवढं वाक्य पाठ करून ठेव.

तुला नवल वाटलं असणार. सिस्टर म्हणून सगळी नोकरी वॉर्डात काढलेली मावशी, पुड्यांचं नाव काढलं की भडकणारी, आणि तीच म्हणते बंद करू नकोस! कारण समजून घे. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला लागणारं स्टेरॉइड त्या रोज तयार करतात. रक्तदाब टिकवायला आणि आजाराशी झुंजायला ते लागतं. तेच औषध बाहेरून आठवडे न् महिने जात राहिलं की या ग्रंथी काम सोडून बसतात. मग एके दिवशी पुडी थांबली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, आणि माणूस कोसळतो. म्हणून डॉक्टर ते मोजूनमापून, हळूहळू उतरवत आणतात.

तू सांगितलेलं एकेक मनात मांडून बघितलं. तिसऱ्या दिवशी गुडघे दुखायचे थांबले. भूक वाढली. चेहरा गोल, तुकतुकीत झाला. दंडाला जरा धक्का लागला तरी काळानिळा डाग. आणि मधुमेहाच्या गोळ्या चुकवत नसतानाही साखर चढतेच आहे. पुडीवाला म्हणतो, 'अंगातला विकार बाहेर पडतोय.' बाळा, विकार असा बाहेर पडत नाही. ही सगळी लक्षणं मिळून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. माझी ही शंका आहे, खात्री नव्हे. खात्री रक्ताच्या तपासणीने होईल. पण डेक्सामेथासोनची गोळी अगदी स्वस्त मिळते, आणि ती कुटून कडू चूर्णात मिसळली की कोणाला पत्ता लागत नाही. सांधेदुखीच्या 'जडीबुटी'त स्टेरॉइड आणि वेदनाशामक, मधुमेहाच्या 'जडीबुटी'त साखर उतरवायच्या नेहमीच्याच गोळ्या, हे प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा सापडले आहेत. त्यातून ताईला मधुमेह. स्टेरॉइडने साखर वाढते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पातळ प्लास्टिकची पिशवी, मेणबत्तीवर धरून चिकटवलेली कड, आत खाकी चूर्ण, आणि त्या चूर्णात मिसळून न गेलेले बारीक पांढरे कण. वर एक अक्षर नाही. औषधाचं नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. आयुर्वेदिक औषध असलं तरी कायद्याने हे सगळं वेष्टनावर छापावं लागतं. आपली ताई गजानन मार्केटात साधा ड्रेस घेताना उलटा करून शिवण ओढून बघते, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला चार वेळा विचारते. जे पोटात जाणार आहे त्याची तिने एवढीसुद्धा चौकशी केली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि तिने का केली नाही तेही मला कळतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुझा प्रश्न. 'मावशी, पण गुण तर आलाय ना?'

गुण आलाय, हे मी नाकारत नाही. ताई जिना चढली, देवळात जाऊन आली, हे खरं आहे. पण तो कशाने आला आणि कोणत्या किमतीला आला, हे गुण बघून कळत नाही. आणि पुष्कळदा तर औषधाचा आणि गुणाचा काही संबंधच नसतो. आजार आपल्या चालीने चढतो आणि उतरतो. माणूस औषधाला जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचलं की. शिगेनंतर ते बऱ्याचदा उतरणारच असतं, आणि त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं.

कावीळीचं उदाहरण घे. पावसाळ्यात गटाराजवळून गेलेल्या पाइपात घाण शिरली की कावीळ पसरते, आणि लोक ती उतरवून घ्यायला जातात. गळ्यात बारीक काड्यांची माळ घालतात आणि सांगतात, माळ जसजशी वाढेल तसतशी कावीळ उतरेल. माळ वाढते, अगदी बेंबीपर्यंत येते. का वाढते? काड्या ओल्या असताना त्यांच्याभोवती दोरा गुंडाळून गाठी मारलेल्या असतात. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. धडधाकट माणसाच्या गळ्यात घाल, खुंटीला टांग, तरीही लांबते. दुसरा प्रकार हात धुवायचा. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळंजर्द होतं. लोकांना वाटतं, कावीळ उतरली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव, शाळांतून करून दाखवतात. तुझ्या मुलांना घरी करून दाखव, त्यांना कायमचं लक्षात राहील.

मग माळ घातलेले बरे का होतात? घाणेरड्या पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते म्हणून. माळ नसती तरी झाली असती. पण त्याच पाण्यातून येणारा एक प्रकार, हिपॅटायटिस ई, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झाला तर पाचांतली एखादी बाई दगावू शकते. तिला पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात असायला हवं, आणि ती माळेकडे बघत घरी बसलेली असते. बरे झालेले दहाजण गावभर सांगत फिरतात. जी गेली ती सांगायला येत नाही. म्हणून 'अमक्याला गुण आला' हे ऐकून मला काहीच ठरवता येत नाही.

तू म्हणशील, मावशी इंग्रजी औषधाची, तिला आपलं ते सगळं खोटंच वाटतं. तसं अजिबात नाही. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, आकडे नोंदवून, 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. मग जगभरच्या डॉक्टरांनी ते वापरलं. वकिलांना 1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अशाच नोंदींतून लक्षात आलं की काहीजणांना त्याने उदासीनता येते, आणि अधिक चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. मुळी आपली होती म्हणून ती कोणी हिणवली नाही, आणि आपली म्हणून तिचे दोषही झाकले नाहीत. माझं मागणं एवढंच आहे. पॅथी कोणतीही असो, तपासून बघितलंय का? कोणाशी तुलना करून? बिघडलं तर नोंदवलंय का? आणि जबाबदार कोण?

यावर मला डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट तुला सांगायचीच आहे, कारण ती आपल्याच कोकणात घडली. 1976 च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू चावून माणसं मरायची, लहान मुलं जास्त. लोक आधी मांत्रिकाकडे जायचे, विंचू उतरवून घ्यायचे, आणि तिथे काही बरेही व्हायचे, कारण प्रत्येक दंशात जीवघेणं विष भिनतंच असं नाही. पण ज्याला भिनलं त्याला दरदरून घाम यायचा, हातपाय बर्फासारखे पडायचे, फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस यायचा. आणि हे लक्षात घे की दवाखान्यात दिली जाणारी तेव्हाची औषधंही फारशी उपयोगी पडत नव्हती. दाखल झालेल्या अशा शंभरातले पंचवीस-तीस जायचे. बावस्कर रोग्याच्या खाटेशी तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपत राहिले. 1982 साली त्यांची निरीक्षणं लॅन्सेटमध्ये आली. त्या टिपणांतून त्यांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरायचं सुचलं, आणि मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. औषधाशी आपलं नाव जोडलं गेलं, लोक पाया पडतात, आणखी काय हवं? पण पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मिळू लागलं, तेव्हा त्यांनी महाडलाच सत्तर रोग्यांचे दोन गट केले. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि सोबत प्रतिविष. दहा तासांत नुसत्या प्राझोसिनवर आठजण पूर्ण बरे झाले, दोन्ही औषधांवर बत्तीस. नुसतं आपलं औषध कमी पडतं, हे त्यांनी स्वतः 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाळा, पुढच्या गुरुवारी त्या पुडीवाल्याला विचार, 'तुमच्या पुडीने बरं वाटलं नाही असे किती? त्यांची वही दाखवा.' तुला उत्तर मिळणार नाही, कारण तशी वही त्याच्याकडे नसेल.

आता आयुर्वेदाबद्दल. ताई म्हणणार, 'आयुर्वेद पाच हजार वर्षांचा आहे, तुला काय कळतंय?' तिला सांग, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच वैद्यांचे तीन प्रकार दिले आहेत. पहिला छद्मचर, म्हणजे भांडी, औषधं, पोथ्या मांडून आणि तसा आव आणून वैद्य म्हणवून घेणारा. दुसरा सिद्धसाधित, दुसऱ्या नामवंताच्या लौकिकावर आपलं दुकान चालवणारा. तिसराच खरा वैद्य. म्हणजे चरकाच्या काळीही पुडीवाले होते आणि त्यांच्यापासून सावध करणं हा आयुर्वेदाचाच भाग होता. ताईला वैद्यांकडेच जायचं असेल तर बीएएमएस झालेल्या, नोंदणी क्रमांक असलेल्या, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देणाऱ्या वैद्यांकडे जाऊ दे, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना ते सांगू दे. लपवाछपवी मात्र नको.

वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हेही डोक्यातून काढ. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहाजणांना यकृताची इजा झाल्याचं डॉक्टरांना आढळलं. त्यांतल्या एक बाई गेल्या. पुढच्या वर्षी ते छापून आलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. समजा तसं असेल, तर मग कुंपणावरून तोडून आणलेली वेल कोणती, हे आपण कसं ओळखणार? 2021 च्या फेब्रुवारीत पतंजलीच्या कोरोनिलची करोनावरचं औषध म्हणून जाहिरात झाली, तेव्हा योग्य प्रमाणपत्राशिवाय ते विकू देणार नाही असं महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं. आणि फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात 2024 साली सर्वोच्च न्यायालयामुळे पतंजलीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. गल्लीतल्या माणसाला एकट्याला दोष द्यायचा नाही म्हणून हे लिहिते.

तू रोज बदलापूर लोकलने जातोस. डब्यातले स्टिकर वाच. मधुमेह, संधिवात, पांढरे डाग, लठ्ठपणा, नपुंसकत्व, सगळं मुळापासून बरं. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय जाहिराती कायद्याच्या यादीत चोपन्न आजार आहेत. ते बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणंच गुन्हा आहे, आणि मी वर लिहिलेले पाचही त्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या 1961 च्या वैद्यक व्यवसायी कायद्याने नोंदणीशिवाय वैद्यकी करता येत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तर त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या जिवाच्या मोलाने आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं. अंबरनाथ-बदलापूरच्या मागे मुरबाड-कर्जतकडे पावसाळ्यात साप निघतात, तिकडच्या माणसांसाठी हे कलम फार मोलाचं आहे. कायदे आहेत. तक्रार करणारा लागतो. एक पुडी न उघडता वेगळी ठेव, अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायला लागेल. तक्रार मी लिहीन, सही तू कर.

सगळ्यांत जास्त काळजी मला कशाची वाटते सांगू? वाया गेलेल्या वेळेची. स्तनात गाठ लागली आणि लेप लावत, काढे घेत वर्ष घालवलं, अशा बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. पैसे पुन्हा मिळवता येतात, ते वर्ष परत येत नाही. अमेरिकेत 2018 साली एक अभ्यास छापून आला. बऱ्या होऊ शकणाऱ्या अवस्थेतला कॅन्सर असून ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त. आणि आपल्याला परळचं टाटा हॉस्पिटल, 1941 पासून चालू असलेलं, लोकलच्या एका तिकिटावर आहे! सूनबाईलाही हे वाचायला दे.

आता ताईबद्दल. ती गुरुवारी पुडीवाल्याकडे आली तेव्हा माझ्या बिल्डिंगखालून गेली आणि वर आली नाही. मी ओरडेन म्हणून. ते मला लागलं, पण मी तिच्या जागी जाऊन बघते. दवाखान्यात तीन तास नंबर लावायचा, आत गेल्यावर डॉक्टर मान वर न करता म्हणणार, 'वय झालं आजी, वजन कमी करा.' पुडीवाला तिला खुर्ची देतो, 'माई' म्हणतो, सुनेचं, नातवंडांचं विचारतो, गुडघ्यावर हात ठेवून कुठे दुखतं ते दाबून बघतो. माणसाला हे लागतं. आमच्या लोकांनी ते दिलं नाही म्हणून लोक तिकडे जातात, हे मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याच्या प्रेमळ बोलण्याने पुडीतलं स्टेरॉइड कमी होत नाही, हेही तितकंच खरं. पण तिला मूर्ख म्हणू नकोस. रागावलास तर ती पुड्या आणायची थांबणार नाही, तुला सांगायची थांबेल.

आणि तिला गुडघ्याबद्दल खरं सांग. झिजलेला गुडघा मुळापासून बरा करणारं औषध आज कोणाकडेच नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, चार-सहा किलो वजन कमी, फार दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, आणि अगदीच अडलं तर शस्त्रक्रिया. ऐकायला हे 'मुळापासून बरं' इतकं गोड लागत नाही, मला कळतं. व्यायाम मी स्वतः तिच्याबरोबर करीन. आठवड्यातून दोनदा तिला इथे आणून सोड.

उद्या सकाळी तिला इथे कॅम्प तीनला सेंट्रल हॉस्पिटललाच आण, मी सोबत येते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. सकाळी आठच्या आत पोच, कारण मूत्रपिंडांवरच्या त्या ग्रंथींची तपासणी सकाळच्याच रक्तावर करतात. ती तिथे होत नसेल तर कुठे करायची ते डॉक्टर सांगतील. नाश्त्याचा डबा बरोबर घे, रक्त दिल्याबरोबर तिला खायला घाल. मधुमेहाची सकाळची गोळी उपाशीपोटी देऊ नकोस. जुन्या रिपोर्टांची फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सगळ्या पुड्या एका पिशवीत ठेव. पुडी कधीपासून आणि दिवसातून किती वेळा घेतली ते आज रात्रीच ताईला विचारून कागदावर लिहून घे. उद्या डॉक्टरांसमोर ती घाबरून कमी सांगेल.

उल्हासनगर स्टेशनला उतरलास की फोन कर. विठ्ठलवाडीपर्यंत जाऊ नकोस.

तुझी,
मावशी